सोलापूरहून कासवं बघायला जाताय? आधी अंधाराची सवय करा

गड्डा, म्हणजे जानेवारीतली आपली सिद्धेश्वराची यात्रा, सुरू झाला की दरवर्षी मला चार-पाच फोन ठरलेले असतात. यंदा कोकणात समुद्री कासवं बघायला कधी जायचं, गाडी कुठून घालायची, पोरं सोबत चालतील का, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलं जाणारं म्हणजे रात्री ती मोठी मादी अंडी घालताना नक्की दिसेल का. आपल्याकडं समुद्र नाही, हिप्परगा, सिद्धेश्वर तलाव आणि उजनी एवढंच आपलं पाणी, त्यामुळं समुद्राचं गणित आपल्याला लहानपणापासून माहीत नसतं आणि मग लोक तीनशे-चारशे किलोमीटर गाडी मारून जातात, किनाऱ्यावर टॉर्च लावून फिरतात आणि काहीच दिसलं नाही म्हणून परत येतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

आधी हे डोक्यात पक्कं करा की कासवं बघणं म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, मादी रात्री समुद्रातून वर येते, वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि परत जाते. दुसरी, साधारण 45 ते 60 दिवसांनी त्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडं धावतात. वेळास, आंजर्ले, गुहागर इथं जाणाऱ्या बहुतेक लोकांना दिसतात ती पिल्लं. मादी दिसणं हा नशिबाचा भाग. कोकणात एका रात्री एखाद्या किनाऱ्यावर एक मादी येईल, दोन येतील, किंवा आठवडाभर एकही येणार नाही. त्यामुळं पहिल्यांदा जात असाल, घरचे सोबत असतील, तर पिल्लांसाठी जा आणि मादी दिसली तर देवाची कृपा समजा. मला मादी अंडी घालताना दिसली ती तिसऱ्या वर्षी. ते पुढं सांगतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. पूर्ण वाढलेली मादी साधारण दोन सव्वादोन फूट लांब, वजन 35 ते 45 किलो. सागरी कासवांमध्ये हे आकारानं लहानच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टात याचं नाव आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच याला. अंडं उचलणं, कासवाला त्रास देणं, पकडणं हा सरळ गुन्हा. हे कुणाला घाबरवायला सांगत नाहीये, पण "एक पिल्लू हातावर घेऊन फोटो काढला तर काय होतंय" असं म्हणणारे दरवेळी भेटतात म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

कधी जायचं

कोकणात माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येतात. पिल्लं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, कधी मे उजाडेपर्यंत बाहेर पडत राहतात. मी सोलापूरच्या लोकांना सोपा हिशेब सांगतो, गड्डा उठला की कासवांच्या तयारीला लागायचं. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च अखेर हा काळ सगळ्यात चांगला, थंडी कमी झालेली असते, कोकणातला घामाचा उन्हाळा अजून पूर्ण पेटलेला नसतो आणि पोरांच्या परीक्षांच्या मधे एखादा शनिवार-रविवार निघतो.

पण तारीख स्वतःच्या मनानं ठरवू नका. अंडी ज्या दिवशी सापडली त्या दिवसापासून मोजून कुठलं घरटं कधी फुटेल याचा अंदाज तिथल्या कासवमित्रांकडं, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या माणसांकडं असतो, कारण प्रत्येक घरट्याची तारीख त्यांनी लिहून ठेवलेली असते. समजा 10 जानेवारीला घातलेली अंडी असतील तर मार्चचा पहिला आठवडा धरा. तरी वाळू गार राहिली तर उशीर, तापली तर लवकर. त्या तापण्यावर अजून एक गोष्ट ठरते जी मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरीच वाटली नव्हती. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण 30 अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याच्या वर गेलं की माद्या वाढत जातात, खाली राहिलं की नर. म्हणजे उन्हाळे असेच तापत गेले तर पुढं काय होणार याचा विचार करा. आपण तर 44-45 अंशात राहणारी माणसं, आपल्याला हे जरा जास्तच कळतं.

मादी बघायची आशा असेल तर भरतीची वेळ बघा. ती बहुतेक वेळा रात्री भरतीच्या पाण्यावर वर येते, म्हणजे तिला वाळूवर कमी सरपटावं लागतं. कोकणातल्या लोकांचा यासाठी एक जुना हिशेब आहे आणि तो कुठल्याही ॲपशिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवरून करता येतो. तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, ही पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती. मी दोन-चारदा तपासून बघितलंय, थोडं पुढंमागं होतं पण चुकत नाही. हा हिशेब कोकण किनाऱ्याचाच, ओडिशाला जाऊन लावू नका.

कुठं जायचं आणि सोलापूरहून कसं

पहिल्यांदा जाताय तर वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, सावित्रीची खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं दक्षिण बाजूला हे छोटं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव तेच. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडाची पाहणी करत तिथं पोचली आणि त्यांना वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी माणसं न्यायची, नाहीतर कुत्री आणि कोल्हे उकरून खायचे. तिथून काम सुरू झालं, गावातलीच पोरं तयार झाली, 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावानं आपल्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आता हे काम गावकरी आणि वनविभाग करतात. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की जे गाव आधी कासवाची अंडी खात होतं त्याच गावातला माणूस आज पहाटे चार वाजता उठून अंडी शोधायला जातो.

वेळासला हॉटेल वगैरे शोधू नका, लोकांच्या घरी राहायचं. अंगणात सारवलेली जमीन, जेवणात आंबोळी, उसळ, सोलकढी, आणि सांगितलं तर उकडीचे मोदक. एसी, टीव्ही, रूम सर्व्हिस अशी अपेक्षा घेऊन जाणार असाल तर मग नकाच जाऊ. आधी फोन करून जागा पक्की केल्याशिवाय निघू नका, महोत्सवाच्या शनिवार-रविवारी गाव भरून जातं. शक्य असेल तर सोमवार-मंगळवारी जा, रजा टाका एक, फरक कळेल तुम्हाला.

रस्ता असा. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, पुढं मंडणगड आणि वेळास. सावित्रीवरच्या आंबेतच्या पुलाचं काम वगैरे चालू नाही ना हे निघायच्या आधी घरमालकालाच विचारून घ्या. सगळं मिळून साडेचारशे किलोमीटरच्या पुढं जातं, म्हणजे सोलापूरहून पहाटे चारला निघालात तर दुपारी पोचाल आणि संध्याकाळची पिल्लं मिळतील. सोलापूर सोडायला उशीर झाला आणि ताम्हिणीत अंधार पडला असं करू नका, आपल्या सरळ सपाट रस्त्यांवर गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाला घाटात रात्री लई जड जातं. गाडी नसेल तर हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्यापर्यंत जा आणि तिथून पुढं दापोली-मंडणगडकडची एसटी बघा, पण मग एक मुक्काम जास्त धरा.

दुसरा पर्याय गुहागर. पंढरपूर, विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. लांबच लांब किनारा, आणि अलीकडच्या वर्षांत तिथं घरट्यांचा आकडा मोठा आहे. आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, खाली वेंगुर्ल्याकडं वायंगणी, ही पण कासवांची गावं आहेत, एकदा वेळास-गुहागर झालं की पुढच्या वर्षी तिकडं जा.

बॅगेत काय घ्यायचं

इथं मी जरा सविस्तर लिहितो कारण नव्वद टक्के चुका इथंच होतात.

कपडे गडद रंगाचे. काळा, गडद निळा, करडा. पांढरा सदरा घालून रात्री वाळूवर उभं राहिलात तर चांदण्यात तुम्ही लांबून दिसता, आणि मादी पाण्यातून डोकं वर काढून आधी किनारा बघत असते. फुल बाह्या घाला, डास असतात. डासांचं क्रीम लावायचं तर घरीच लावा आणि मग कशालाही हात लावायचा नाही. उग्र सेंट मारून जाऊ नका.

टॉर्च नेऊ नका असं मी म्हणत नाही, गावातून किनाऱ्यावर जाताना पायाखाली बघायला लागतं. पण टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन थर लावून रबर बँड मारा. नव्या पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पोरं प्रोजेक्टला नेतात तो. लाल उजेड कासवाला कमी त्रास देतो, आणि तोही फक्त जमिनीकडं, समुद्राच्या दिशेला कधीच नाही. वाळूवर पोचलात की तोही बंद.

मोबाईलचं काय? ब्राइटनेस पूर्ण खाली, फ्लॅश बंद, आणि फ्लॅश बंद केला म्हणजे झालं असं नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस करायला एक छोटा दिवा आपोआप पेटतो तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. हे घरी सोफ्यावर बसून करा, तिथं अंधारात सेटिंग शोधत बसलात तर तेवढा वेळ स्क्रीन तुमच्या तोंडावर चमकत राहते. आणि हातातलं स्मार्टवॉच! मनगट वर उचललं की पेटतं. काढून खोलीवर ठेवा. पोरांच्या पायात लाइट लागणारे बूट असतात ते पण नकोत, हे मी एकदा बघितलंय, तीन वर्षांचं पोर पळत होतं आणि प्रत्येक पावलाला लाल-निळा उजेड.

सोलापुरी चादर एक घ्या, जुनी, गडद. पहाटे वाळू गार असते आणि बसून राहावं लागतं तासन् तास, तेव्हा त्या चादरीसारखं दुसरं काही नाही, वारं पण अडवते. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी, पण ते गाडीत आणि खोलीवर. किनाऱ्यावर खाण्याचं काहीच न्यायचं नाही, सांडलेल्या घासाला कुत्री येतात आणि कुत्री आली की घरटी गेली.

अंधाराची सवय

गाडी किनाऱ्याकडं तोंड करून लावायची नाही, हेडलाइट पाण्यावर जातो. लांबच लावा आणि चालत जा. वाळूवर पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बसा. डोळ्यांना अंधारात दिसायला तेवढा वेळ लागतो, आधी काही दिसत नाही, मग लाटांची पांढरी कड दिसायला लागते, मग वाळूवरचे खेकडे, मग अगदी स्वतःची सावली सुद्धा दिसते. मधे कुणी एकदा मोबाईल पेटवला की सगळ्यांचे डोळे परत शून्यावर. त्यामुळं ग्रुपनं जात असाल तर निघायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगा.

याचं कारण सांगतो. पिल्लं वाळूतून बाहेर पडतात तेव्हा त्यांना समुद्र कुठं आहे हे कुणी शिकवलेलं नसतं. ती उजेडाकडं जातात. उघड्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ दिसणारी बाजू म्हणजे पाण्यावरचं आभाळ, मागं झाडांचा काळा पट्टा असतो. लाखो वर्षं हे बरोबर चाललं. आता किनाऱ्याला रिसॉर्टचा दिवा असेल, तुमच्या हातात टॉर्च असेल, तर ती उलटी फिरतात, जमिनीकडं चालत राहतात, आणि सकाळी उन्हात वाळून मरतात किंवा कावळ्या-घारींच्या तोंडी जातात.

मादीचं वेगळं. ती पाण्यातून वर येत असताना सगळ्यात भित्री असते. उजेड, हालचाल, काहीही दिसलं की अंडी न घालताच परत. माझ्या पहिल्या ट्रिपला हेच झालं. रात्री साडेदहा-अकराची वेळ, आम्ही नऊ जण, गावातला एक कासवमित्र सोबत, आणि ओल्या वाळूवर एक काळा गोल दगडासारखा दिसला जो आधी तिथं नव्हता. त्यानं हात करून आम्हाला खाली बसवलं. दगड हलला, थांबला, परत हलला. आणि आमच्याच गाडीतल्या एकानं "अरे ते बघ ते बघ" करत मोबाईलचा टॉर्च मारला. फार तर दोन सेकंद. ती वळली आणि गेली. तो कासवमित्र काही बोलला नाही, रागावला पण नाही, पुढं जाऊन तिच्या पावलांचे पट्टे नुसते बघून आला, पाण्यातून अर्ध्यापर्यंत आलेले आणि अर्ध्यातून परत गेलेले. मला अजून ते पट्टे दिसतात.

मादी आलीच तर

आता तिसऱ्या वर्षाचं. पहाटे साडेचार, भरती नुकतीच उतरायला लागलेली, आम्ही दोघंच, मी आणि गस्तीचा माणूस. त्याला आधी दिसलं. आम्ही मागं सुरूच्या झाडांपाशी आडवे झालो, वाळूवर पालथे, आणि थांबलो.

काय काय होतं ते क्रमानं सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठं थांबायचं ते कळेल. ती पाण्यातून येते, दर काही हातांवर थांबते, या वेळेला श्वास सुद्धा हळू घ्यायचा, जागेवरून अजिबात हलायचं नाही. भरतीची रेघ ओलांडून कोरड्या वाळूत आली की पुढच्या पायांनी वाळू उडवून बसायची जागा करते. मग मागच्या पायांनी खड्डा. हे बघण्यासारखं असतं, एक पाय आत घालून ओंजळीसारखी वाळू उचलून बाहेर टाकायची, मग दुसरा, मग पहिला, डोळ्यांना काही न दिसता नुसत्या पायांनी जवळपास दीड फूट खोल, खाली गोल रुंद आणि वर अरुंद असा मडक्यासारखा खड्डा. इथपर्यंत जवळ जायचं नाही.

अंडी घालायला सुरुवात झाली की मग ती स्वतःतच असते, आजूबाजूचं भान कमी होतं. सोबतच्या कासवमित्रानं किंवा वनरक्षकानं हो म्हटलं तरच, तेव्हाच, मागच्या बाजूनं सरपटत जवळ जायचं. तिच्या तोंडासमोर कधीच नाही. टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी ओलसर अंडी, दोन-दोन तीन-तीन करत पडतात, शंभर-सव्वाशे. तिच्या डोळ्यांतून पाणी येत असतं. लोक म्हणतात ती रडते. ते शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम आहे, समुद्रात पण चालूच असतं, आपल्याला दिसतं ते वाळूवर. मला हे माहीत होतं तरी माझा गळा भरून आला, खोटं कशाला सांगू.

मग ती वाळू ओढून घेते आणि स्वतःच्या अंगानं वाळू ठोकते. डावीकडून उजवीकडं डोलत, धप धप धप, आपल्याकडं नवी जमीन धोपटण्यानं धोपटतात तसा आवाज. पोटाखालची वाळू हलते ते आपल्याला पालथं पडल्यावर छातीत जाणवतं. सगळं मिळून पाऊण तास ते तास. आणि मग वळून मागं न बघता समुद्रात. तिची पिल्लं ती कधीच बघत नाही.

ती पाण्यात जाईपर्यंत उठायचं नाही, वाटेत उभं राहायचं नाही. फोटो मी काढला नाही, काढता आला असता.

तुम्ही एकटे फिरताना पट्टे दिसले, कासवमित्र जवळ नसेल, तर खणू नका. अंडं घालून काही तास गेले की आतला जीव कवचाला आतून चिकटतो आणि मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो, त्यामुळं अंडी हलवायची ती ज्याला येतं त्यानंच आणि वेळेतच. जागेची खूण लक्षात ठेवा, पट्टे पुसू नका, गावात कळवा किंवा वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा.

पिल्लं सोडतात तेव्हा

वेळासला घरट्यातली अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळी लावलेल्या कुंपणात, त्याला हॅचरी म्हणतात, तशाच खोल खड्ड्यात पुरतात. फुटायची वेळ आली की वर टोपली पालथी ठेवतात. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपली उचलून बघतात, पिल्लं असतील तर मोजून पाण्यापासून थोडं अलीकडं वाळूवर सोडतात. दोरी लावलेली असते, तिच्या मागं उभं राहायचं. एखाद्या वेळी तीस-चाळीस निघतात, एखाद्या वेळी दोन, एखाद्या वेळी टोपलीखाली नुसती वाळू. म्हणून दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार संधी मिळतात. एका संध्याकाळसाठी धावत जाऊन नाराज होऊन आलेली माणसं मी खूप बघितली.

दरवेळी कुणीतरी विचारतं, सरळ पाण्यात का सोडत नाहीत, बिचारी किती धडपडतात. ती धडपड गरजेची आहे. वाळूवरून चालताना तो किनारा त्यांच्यात कुठंतरी नोंदला जातो असं मानतात आणि दहा-पंधरा वर्षांनी वयात आलेली मादी त्याच भागात अंडी घालायला परत येते. हजारातलं एखादंच तोवर जगतं. त्या छोट्याशा वाटेवर एक पिल्लू उलटं पडलं की आपला हात आपोआप पुढं जातो. मागं घ्या. कासवमित्र असतो, तो बघतो.

ही कासवं जातात कुठं हे पण पोरांना सांगा, त्यांना लई आवडतं. 2022 मध्ये कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले होते, वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा, बाकी सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा, त्यातली बागेश्री खाली श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि 2021 मध्ये ओडिशात पायाला टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. नकाशा काढून दाखवा कुठं ओडिशा आणि कुठं गुहागर.

तिथल्या मच्छीमारांशी बोला. जाळ्यात अडकलेलं कासव वर श्वास घ्यायला येऊ शकलं नाही की बुडून मरतं. जाळं कापून कासव सोडलं तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण जाळं कापायचा निर्णय मधल्या समुद्रात त्या माणसाला एकट्याला घ्यावा लागतो. एका म्हाताऱ्या काकांनी मला सांगितलं की ते भरपाई येण्याआधीपासून कापत आले.

ज्यांना मादीच बघायचीय

त्यांनी ओडिशा धरावं, आणि इथं आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस सोलापूरला थांबते आणि थेट ब्रह्मपूरला सोडते, मधे गाडी बदलायची नाही. एक अख्खा दिवस आणि वर काही तास. तिथून गंजाम जिल्ह्यातलं ऋषिकुल्या नदीचं मुख गाडीनं तासाभराच्या आत-बाहेर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं एकाच वेळी हजारो माद्या वर येतात, काही रात्री हे चालतं, त्याला अरिबादा म्हणतात. 2023 ला आणि 2025 ला 6 लाखांहून जास्त माद्यांची नोंद झाली. पण तारीख कुणालाच आधी माहीत नसते, वारं आणि पाणी बघून ठरतं, एखाद्या वर्षी होतच नाही. तिकीट महिनाभर आधी काढून बसलात आणि कासवं तुम्ही परतल्यावर आली असं होऊ शकतं. वनविभाग गर्दीवर बंधनं घालतो, ती पाळा. वाळूवर पाय ठेवायला जागा नसते आणि खाली आधीच्या रात्रीची अंडी असतात.

हे सगळं मी इतकं लावून का धरतो? लहानपणी आप्पा मला सायकलवर नान्नजला न्यायचे. माळढोकचं अभयारण्य 1979 मध्ये झालं, तेव्हा आप्पा तरुण होते. गवतात लांब उभा असलेला तो पक्षी, माणसाच्या कमरेच्या वर उंच, दाखवून ते म्हणायचे, जवळ जायचं नाही, ती जमिनीवर एकच अंडं घालते, बिथरली तर तेही गेलं. आम्ही तासभर बसायचो. परवा माझ्या पोरीला घेऊन गेलो, गवत होतं, काळवीट होते, तोच मचाण होता. माळढोक नव्हता. ती दोनदा विचारत होती, कुठं असतो तो?

तिला मी मार्चमध्ये वेळासला नेलं. निघायच्या आधी तीन संध्याकाळी घराच्या गच्चीवर दिवा बंद करून आम्ही नुसते बसायचो, बोलायचं नाही, मोबाईल खाली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं टिकली, तिसऱ्या दिवशी अर्धा तास. तुमच्या घरी सात-आठ वर्षांच्या वरची पोरं असतील तर हे करून बघा, त्याहून लहान असतील तर फक्त सकाळच्या पिल्लांना न्या, रात्री नको. म्हातारी माणसं असतील तर किनाऱ्यापर्यंत किती चालायचंय ते घरमालकाला आधी विचारा, वाळूत गुडघे दुखतात, काठी सोबत ठेवा.

फोन डिसेंबरच्या शेवटी एकदा करा, पहिलं घरटं कधी सापडलं एवढंच विचारा आणि कॅलेंडरवर त्याच्यापुढं पन्नास-पंचावन्न दिवस मोजून खूण करा. दुसरा फोन गड्डा उठल्यावर, जागा पक्की करायला. तिसरा निघायच्या आदल्या दिवशी.